रितीबाई आणि राजाचं अंडं

एक होता राजा. हसू नकोस हर्षल, राजा म्हटलं की तुला लगेच हसू फुटतं. ऐकायचं असेल तर गुमान गोधडीत शिर आणि पाय आत घे. नाही तर मी कूस बदलून झोपते, मला काय! तुमचे आईबाप गेलेत बागेत शेकोट्या पेटवायला, द्राक्षांना गारठा लागू नये म्हणून. ते येईपर्यंत तुम्ही दोघं माझ्या गळ्यात. तेव्हा बऱ्या बोलानं ऐका.

तर एक होता राजा. आता हा राजा कसला? मुकुट नाही, सिंहासन नाही, डोक्यावर छप्पर नाही. पेंग्विन होता तो. सगळ्यात मोठ्या जातीचा पेंग्विन, आपल्या मनूएवढा उंच. पाठ काळी, पोट पांढरं, आणि कानापाशी हळदीचं बोट लागावं तसा पिवळा डाग. त्या जातीत सगळ्यांनाच राजा म्हणतात, बरं का. जिकडे बघाल तिकडे राजेच, प्रजा एकही नाही. मग कामं कोण करणार? ज्याची त्यानंच.

राहायचा कुठे? पार खाली, पृथ्वीच्या बुडाशी. तिथे समुद्रच गोठून दगडासारखा होतो आणि त्या गोठलेल्या समुद्रावर हे लोक उभे. आपल्या निफाडला जरा गारठा पडला की तुम्ही दात वाजवता. तिथे थुंकलं तर थुंकी खाली पडेस्तोवर खडा होते. झाड नाही, काडी नाही, गवताचं पातं नाही. घरटं बांधणार कशाचं? म्हणून ते लोक घरटं बांधतच नाहीत.

आणि रात्र! हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतच नाही. आज नाही, उद्या नाही, परवाही नाही. एकच रात्र, आठवडेच्या आठवडे लांबलेली. कधीमधी आभाळात हिरवा उजेड दिसतो, ओलं लुगडं वाळत घातल्यावर हलतं तसा हलतो. आवाज नाही, काही नाही. नुसता हलतो आणि विझतो.

हो रे बाबा, दाखवलं असेल टीव्हीत. टीव्हीवाले उजेडात जातात. मी सांगतेय ती अंधारातली गोष्ट आहे.

मग एकदा काय झालं, हिवाळ्याच्या तोंडाशी राजाच्या राणीनं अंडं घातलं. एकच हं. वर्षाचं एक. आता ते ठेवायचं कुठे? बर्फावर टेकलं की संपलं. म्हणून ते पायांवर ठेवायचं आणि वरून पोटाची घडी सोडायची, आपण पदराखाली तान्हं घेतो तशी. राणीनं घेतलं पायांवर. पण तिचं पोट खपाटीला गेलेलं. सगळी ताकद त्या अंड्यात गेली होती. तिला समुद्रावर जाऊन खाणं भाग होतं, आणि उघडं पाणी लांब. दिवसच्या दिवस चालायचं, पाय दमले की पोटावर पडून घसरत जायचं.

मग त्यांनी अंड्याची देवघेव केली. त्या लोकांची ही सगळ्यात अवघड रीत. दोघांनी समोरासमोर यायचं, पोटाला पोट लावायचं. तिनं पाय फाकवायचे आणि अंडं घरंगळू द्यायचं, त्यानं चोचीनं ओढून आपल्या पायांवर घ्यायचं. उशीर झाला तर अंडं गोठतं आणि घाई केली तर निसटतं. राणीनं सावकाश दिलं, राजानं बेतानं घेतलं. झालं एकदाचं.

जाताना राणी म्हणाली, "अहो, मी परत आले की हाक मारीन. माझा आवाज विसरू नका."

राजा म्हणाला, "विसरीन कसा? जन्मभर तोच तर ऐकायचाय."

त्याचं काय आहे, दिसायला सगळे सारखेच. तीच काळी पाठ, तेच पांढरं पोट. आपलं माणूस ओळखायचं कसं? आवाजावरून. ज्याचा त्याचा आवाज वेगळा, आणि तीच एक खूण.

मग सगळ्या राण्या समुद्राकडे गेल्या आणि मागे राहिले नुसते बाप. प्रत्येकाच्या पायांवर एकेक अंडं, आणि पोट उपाशी. अगदी कडकडीत उपास. तिथे खायला आहे काय? तहान लागली तर चोचीत बर्फ धरायचा. वारं सुटलं की सगळ्यांनी एकमेकांना चिकटून घोळका करायचा, पाठीला पोट, पोटाला पाठ. त्या घोळक्याच्या मधोमध एवढी ऊब की बर्फाचं पाणी व्हावं. आणि कडेला? कडेला यमाचं दार. मग कडेला कायमचं उभं कोण राहणार? म्हणून त्यांचा एक नियम होता. "वाऱ्यातला आत ये, उबेतला बाहेर जा." ज्यानं वारं खाल्लं त्यानं सरकत सरकत आत यायचं, ज्यानं ऊब घेतली त्यानं सरकत सरकत बाहेर जायचं. कुणी मुकादम नाही, कुणी भांडत नाही. नाही तर तुम्ही! भिंतीकडे कोण आणि दाराकडे कोण, म्हणून मघाशी माझी गोधडी फाडायला निघाला होतात.

त्या घोळक्यात एक म्हातारा पेंग्विन होता. सगळे त्याला आबा म्हणायचे. सूर्य शेवटचा बुडाला त्या संध्याकाळी आबा म्हणाले, "पोरांनो, पहिल्यांदा बाप झालेल्यांनी नीट ऐका. अंधारातून हाक येईल. तुमच्या बायकोच्याच आवाजात येईल. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही द्यायची नाही. तिसरी आली तरच द्यायची."

"का हो आबा?" राजानं विचारलं.

"कारण रितीबाई तिसरी हाक मारत नाही. दोन हाकांतच तिचा श्वास संपतो. आपली खरी बायको असली तर ती तिसरी मारेल, चौथी मारेल, डोकं खाईल आपलं."

मग आबांनी रितीबाईची हकिकत सांगितली. त्यांच्या पणज्याच्याही आधीच्या काळी एक राणी होती. तिचं पहिलंच अंडं. भुकेनं डोळ्यांपुढे अंधारी आलेली. अंडं देताना तिनं घाई केली. ते निसटलं, बर्फावर पडलं आणि टक्कन तडकलं. बाकीच्या राण्या समुद्राकडे गेल्या, ही गेलीच नाही. तिनं काय केलं, अंड्याएवढा बर्फाचा गोळा उचलला, पायांवर घेतला, वरून पोटाची घडी सोडली आणि उबवत राहिली. वारं सुटलं तेव्हा ती घोळक्यापाशी आली. म्हणाली, मला आत घ्या हो, माझ्या बाळाला गारठा लागतोय. लोक म्हणाले, कसलं बाळ? रित्या पायांची तू, तुझी सावली नको आमच्या अंड्यांवर. कुणी म्हणजे कुणी आत घेतलं नाही. ती कडेला उभ्याउभ्या गोठली.

पण गेली नाही. दर हिवाळ्यात येते. कुणाचं अंडं मिळालं तर घेते. आता तिच्या अंगात ऊब कुठली? अंडं तिच्या पायांवर गोठून जातं. मग ती पुन्हा दुसरं शोधायला निघते.

मनू, अशी घोरपडीसारखी चिकटू नकोस गं, मला श्वास घेऊ दे. भीती वाटते तर थांबते मी. नको? मग ऐक तर.

मग एकदा राजा कडेला उभा होता. वारं पडलेलं. इतकं शांत, इतकं शांत, की आपला आपल्याला श्वास ऐकू यावा. आणि लांबून, अंधारातून हाक आली.

"अहो..."

हुबेहूब राणीचा आवाज! पण राणीला जाऊन फार दिवस झाले नव्हते, एवढ्यात ती येईल कशी? तो गप्प राहिला. जरा वेळानं पुन्हा, "अहो..." ह्या खेपेला जवळून. राजानं चोच घट्ट मिटून घेतली. तिसरी हाक काही आली नाही. पण बर्फावरून कुणीतरी खुरडत खुरडत चाललं, सगळ्या घोळक्याला एक वेढा घातला आणि लांब निघून गेलं. राजानं अंड्यावरची घडी आणखी घट्ट केली.

मग बरेच दिवस गेले. दिवस कसले, तीच ती रात्र. राजा वाळत चालला. पोटावरची चरबी उतरली, मान बारीक झाली. वारं असं सुटलेलं की विचारू नका. घोळका सरकत होता आणि राजा पुन्हा कडेला आला. बघतो तर शेजारी आणखी एक जण. असेल कुणीतरी, राजाला वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, सगळ्यांच्या चोचीतून वाफ निघतेय, ह्या चोचीतून निघत नाही. सगळे अंगावरचं हिम झटकतायत, ह्या खांद्यांवर ते तसंच साचलंय. आणि बर्फावर त्याच्या येण्याचा मागच नाही. राजा जागच्या जागी ताठ झाला.

"अहो," शेजारून कुजबुज आली, राणीच्याच आवाजात. "किती वाळलात हो. मी मासे आणलेत. ताजे, गुबगुबीत. जरा अंडं द्या माझ्याकडे, तुम्ही खाऊन घ्या."

माशांचं नाव काढल्याबरोबर राजाच्या पोटात खड्डा पडला. त्यानं हळूच खाली पाहिलं. तिच्या पोटाच्या घडीखाली काहीतरी गोल होतं. पांढरं नाही, काळं नाही. आरपार दिसणारं. राजानं मान फिरवली आणि सरकत सरकत आत शिरला. मागून दुसऱ्यांदा "अहो" ऐकू आलं आणि मग नुसता वारा. राजानं अजून ओ दिलेली नव्हती, बरं का.

मग तिसरी वेळ आली.

आता राणीचे यायचे दिवस खरंच भरत आले होते. राजा म्हणजे नुसता हाडांचा सापळा. आणि एकाएकी त्याच्या पायांवर, अंड्याच्या आत, टिक! पुन्हा टिक! पिल्लू आतून चोच मारत होतं. अगं बाई, त्या बापाला काय झालं असेल, सांगा बघू! हसू येतंय आणि रडूही येतंय. त्याला वाटलं, आता राणी हवी. बाळ बाहेर आलं की त्याला भरवायला आई नको का? माझ्या पोटात काय आहे, वारा?

आणि नेमकी तेव्हाच हाक आली. "अहो..."

राजानं मान उंचावून अंधारात पाहिलं.

"अहो, आले मी..."

झाल्या दोन हाका. थांबायला नको होतं का त्यानं? हवं होतं. पण आनंद झाला की भलेभले मोजायचं विसरतात. "ओ!" राजा ओरडला. "ओ, ओ! ये लवकर, बाळ टकटक करतंय!"

ती आली. अंधारात समोर उभी राहिली. पोटाला पोट लावलं. राजाला तिचं पोट गार लागलं, पण त्याला वाटलं, समुद्रातून आलीय, गार असणारच. त्यानं पाय फाकवले, अंडं घरंगळू दिलं, तिनं घेतलं. आणि तिच्या पायांवरून काहीतरी घरंगळून ह्याच्या पायाशी आलं. आता ही जात कशी आहे बघा. पायाशी अंड्याएवढं काही आलं की विचार न करता घडीखाली ओढायचं. राजानं ते ओढलं आणि उबवायला लागला. ती काही बोललीच नाही. मागे मागे सरकत अंधारात गेली.

राजा वाट बघत राहिला, मासे देईल, बोलेल. मग त्याला कळलं की पायांना गारठा लागतोय. अंड्याची ऊब आतून येते, ह्याची येईना. त्यानं मान वाकवून कान लावला. टिक नाही. काहीच नाही. पोटाला ओल लागली आणि राजाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. रितीबाईचा बर्फाचा गोळा त्याच्या पायांवर होता.

तेवढ्यात आभाळात हिरवा उजेड हलला. त्या उजेडात ती दिसली. कडेला, ऐन वाऱ्यात, एकटी उभी. सगळी वाकून वाकून अंडं झाकत होती. जीव तोडून झाकत होती हो ती! पण तिची घडीच बर्फाची, झाकून होणार काय? आणि वाऱ्यातून राजाला ऐकू येत होतं. टिक. मग बऱ्याच वेळानं टिक. मग त्याहून बऱ्याच वेळानं.

"माझं अंडं!" राजा पायांवरच्या गोळ्यासकट खुरडत पुढे निघाला. आबांनी त्याला पंखानं अडवलं.

"ओढाओढ करशील तर अंडं बर्फावर पडेल. मग तुझंही नाही आणि तिचंही नाही."

"मग काय करू? इथे उभा राहून बघत बसू?"

आबांनी पंख तसाच आडवा धरला. राजानं एकदा त्या घोळक्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं. आणि वाऱ्यावर आवाज चढवून हाक मारली, "बाई गं! वाऱ्यातली आत ये!"

काय गलका झाला म्हणता! सगळे बाप एकदम बोलायला लागले. "डोकं फिरलं का तुझं? मेलेली आहे ती! तिचा गारठा आमच्या अंड्यांना लागेल!"

राजा म्हणाला, "तिच्या पायांवर अंडं आहे. ती वाऱ्यात उभी आहे. आपल्या नियमात मेली की जिवंत, असं कुठे म्हटलंय? तिला तेव्हा आत घेतली असती, तर आज ती दारोदार अंडी मागत फिरली असती का? मी जातो तिच्या जागेवर. पण तिला आत घ्या. तुमच्या पाया पडतो."

कुणी हलेना. खरं सांगायचं तर त्यांचंही काही चुकत नव्हतं. प्रत्येकाच्या पायांवर आपापलं बाळ होतं. मग पहिल्यांदा आबा बाजूला सरकले. त्यांनी आपल्या अंड्यावरची घडी आवळली आणि वाट करून दिली. ते बघून शेजारचा सरकला. मग त्याच्या शेजारचा.

रितीबाई आत आली. किती वर्षांनी कुणीतरी तिला ये म्हटलं होतं! ती ज्याच्या ज्याच्या जवळून गेली त्याच्या पाठीतून शिरशिरी गेली. पण कुणी तिला ढकललं नाही. तिला मधोमध घेतलं आणि भोवती सगळे चिकटून उभे राहिले. डोळे मिटून, चोची छातीत खुपसून, थरथरत.

आणि राजा तिच्या जागी, कडेला. पायांवर बर्फाचा गोळा. तो टाकून का नाही दिला, विचारता? मलाही तेच वाटायचं लहानपणी. पण रिते पाय कसे असतात ते त्याला आता कळलं होतं. त्याच्यानं टाकवला नाही. वारं त्याला सोलत होतं आणि तो गात होता, आपल्या त्या वेगळ्या आवाजात, बाळानं बापाला ओळखावं म्हणून. गाता गाता घोळका सरकत होता. शेजारचे म्हणाले, "जा रे, तू आधी आत जा." राजा म्हणाला, "नियम तो नियम, माझ्या आधीपासून तो पलीकडचा उभा आहे." आणि थांबला. सांगा बरं, तुमच्यानं झालं असतं?

सरकत सरकत, सरकत सरकत तो आत आला. आतल्या उबेनं त्याच्या पायांवरचा गोळा पाझरायला लागला. बारीक झाला, आणखी बारीक झाला, सुपारीएवढा झाला आणि गेला. राजाचे पाय ओले आणि रिकामे राहिले. त्यानं वर पाहिलं तर समोर रितीबाई उभी होती.

तिच्या खांद्यांवरचं हिम वितळून ओघळत होतं. टप, टप, टप. केवढीशी दिसत होती ती, कोवळी पोर. तिच्या चोचीतून आता वाफ येत होती. आणि तिच्या घडीखाली टिक टिक टिक टिक, पिल्लानं नुसता धुमाकूळ घातला होता.

"अहो दादा," ती म्हणाली. तो आवाज राणीचा नव्हता. कुणाचाच नव्हता. तिचा स्वतःचा होता, बारीक, आणि फार वर्षं न वापरलेला. "दादा, घ्या हे. सावकाश घ्या. मी घाई केली होती."

तिनं पोटाला पोट लावलं. ह्या खेपेला गार लागलं नाही. तिनं पाय फाकवले आणि अंडं घरंगळू दिलं. इतकं हळू, इतकं हळू, की राजाला वाटलं ती देतच नाहीये. पण दिलं तिनं. राजानं घेतलं, घडी सोडली आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर कुणी नव्हतं. खाली थोडं पाणी होतं, आणि घोळका पुढे सरकल्यावर तेही गोठून गेलं.

काय झालं हर्षल? नाक का ओढतोस? सर्दी झाली? बरं, बरं, सर्दी तर सर्दी.

मग टरफल फुटलं आणि पिल्लू बाहेर आलं. राखाडी, मऊ, चष्मा लावल्यासारखे डोळे, आणि आल्याबरोबर भूक! त्या बापाच्या पोटात चार महिन्यांत कण नव्हता. पण देवाची करणी बघा, बापाच्याच घशातून दह्यासारखं दूध आलं. हो, बापाच्या! ते त्यानं पिल्लाच्या चोचीत घातलं. तेवढ्यावर पिल्लू तगलं.

आणि मग एकदा आभाळाची कड जराशी उजळली आणि लांबून हाक आली. "अहो!" राजा गप्प. "अहो, ऐकलंत का?" राजा गप्प. त्यानं पिल्लाला घट्ट धरलं. मग तिसरी हाक आली. "अहो, कान फुटलेत का तुमचे? इतकी पायपीट करून आले मी, आणि हा माणूस ओ देत नाही!" राजाला असं हसू फुटलं, असं हसू फुटलं! "ओ!" म्हणाला तो. "ओ गं माझे राणी, ओ!"

राणी पोटभर खाऊन आली होती. मासे, दहा हातांचे लिबलिबीत माकूळ, आणि आपल्या सुकटीतल्यासारखी बारकी लाल कोळंबी. त्यासाठी श्वास कोंडून पार खोल काळोखात बुड्या मारल्या होत्या, ठिपक्याठिपक्यांच्या सीलच्या तोंडातून निसटली होती. तिनं पोटातलं काढून पिल्लाला भरवलं. मग राजा गेला समुद्रावर आणि इतका जेवला, इतका जेवला, की परत येताना त्याला चालवेना. पिल्लू वाढलं, उन्हाळा आला, बर्फ फुटला आणि तिघं पाण्यात शिरली. तेव्हापासून तिथे अंधारातून हाक येत नाही. पण तिसऱ्या हाकेला ओ द्यायची रीत काही त्यांनी सोडली नाही. राजा सुखात, राणी सुखात, पिल्लू सुखात. त्यांचा बर्फ त्यांच्यापाशी, आपली गोधडी आपल्यापाशी. झोपा आता.

झोपा म्हटलं ना.

थांब. ऐकलंत का?

"मनू..."

उठू नकोस मनू. आईचाच आवाज वाटतोय खरा, पण एकच झालीय. हर्षल, कडी काढू नकोस. वारं बघ कसं दाराखालून येतंय.

"मनू, ए मनू..."

झाल्या दोन. माझा हात धरा पाहिजे तर. गप्प राहा. मोजायचं विसरायचं नाही.

"मेल्यांनो, झोपलात की काय सगळे! इकडे हातपाय गारठून लाकूड झालेत आमचे, आणि दार उघडायला एक जण उठेल तर शपथ! आत्याबाई, अहो आत्याबाई!"

आली गं बाई, खरीच आली! जा मनू, काढ कडी. हर्षल, सरक तिकडे दाराकडे, मीही सरकते. ऊब खूप घेतली आपण. दोघांना मधे जागा करा. आणि काय म्हणायचं दार उघडल्यावर, ते आहे ना लक्षात?

मोठ्यानं म्हण, तिला ऐकू जाऊ दे.

"वाऱ्यातली आत ये!"